रबर मी बसवलं होतं

अप्पा, गेल्या आठवड्यात आमच्या गाडीची डावीकडची पुढची काच दाराच्या पोटात उतरली आणि बटण कितीही दाबलं तरी वर येईना. आतून नुसती मोटारीची गुरगुर. वर्गात उत्तर येत नसलेला मुलगा ओठ हलवत राहतो ना, तशी. तुमच्या वेळी काचेला हँडल होतं, फिरवलं की निदान आपल्या हाताला कळायचं कुठं अडलंय. आता सगळं बटणावर, त्यामुळे बिघाडसुद्धा जरा गूढ झालाय. पुढल्या आठवड्यात गणपती. आईला पेणला जाऊन मूर्ती आणायची आहे, आणि ती अजूनही पुढच्या सीटवर बसून मूर्ती मांडीवरच आणते. ऐंशी ओलांडली तरी त्यात बदल नाही. म्हणजे काच मिटायलाच हवी होती.

शेजारचा फिटर पहिली शिफ्ट संपवून घरी आला होता. त्यानं दाराला कान लावला आणि वैद्यासारखी मान हलवली. "सर, मशीन गेली. आतली वायर तुटली हाय." मशीन म्हणजे काय, विचारलं. "काच वरखाली करतंय ते. रेग्युलेटर. पनवेलला भेटंल नवीन. पण तुम्ही हात घालू नका, सर, तुमचं काम पुस्तकाचं." हे त्यानं प्रेमानं म्हटलं, आणि म्हणूनच मला लागलं. रोह्याच्या शाळेत तीस वर्षं संस्कृत शिकवणाऱ्या माणसाला स्क्रू फिरवता येत नाही, हे गावात गृहीतच असतं. मी पनवेलहून नवी मशीन आणि काचेच्या खाचेचं नवं रबर आणलं आणि रविवारी सकाळी अंगणात दार खोलायला बसलो. तुमची सून चहा घेऊन बाहेर आली, म्हणाली, "पुस्तक उघडलं तर मिटता येतं. हे दार मिटेल ना?"

उघडताना एक गोष्ट कळली. दाराचं आतलं आवरण काढायला चार स्क्रू दिसतात आणि पाचवा अध्याहृत असतो. तो हँडलमागच्या चिमुकल्या झाकणाखाली लपलेला. तो न काढता ओढलं की आवरण तुटतं. माझं थोडंसं तुटलं. मग कडेच्या क्लिपा टक्‌ टक्‌ करून सुटल्या, आतला प्लॅस्टिकचा कागद काळ्या डिंकासकट सोलला. काच हातानं वर ढकलून चौकटीला रुंद चिकटपट्टीनं टांगली, दोन बोल्ट सोडले आणि जुनी मशीन बाहेर ओढली. वायरचे धागे विस्कटून केसांच्या गुंत्यासारखे झाले होते. तो गुंता हातात घेऊन मी बराच वेळ पायरीवर बसलो, आणि तेव्हा पेणच्या रामवाडीतल्या आपल्या मूर्तींच्या कारखान्यातला तो दिवस आठवला. आठवला म्हणणं बरोबर नाही. तो कधी विसरलोच नव्हतो, फक्त त्याच्याकडे पाठ करून बसलो होतो.

तेव्हा मी एम.ए.च्या सुट्टीत पेणला आलो होतो. तुम्ही जुनी गाडी घेतली होती, मूर्ती स्वतःच्या हातानं पोचवायच्या म्हणून. ट्रकवाले आपटतात यावर तुमचा ठाम विश्वास. डाव्या दाराची काच वाकडी चढायची. तुम्ही शाडूचे हात धोतराला पुसता आणि दार खोलता. आत कात्रीसारखे दोन दांडे, आणि ज्या चाकावर काच सरकते ते फुटलेलं. पेणमध्ये भाग मिळणार नाही, मुंबईला जायला वेळ नाही. तुम्ही आत जाऊन आईच्या शिलाईचं लाकडी रीळ उचलता, करवतीनं त्याचा तुकडा काढता, कानसीनं गोल करता आणि चाकाच्या जागी बसवता. आई दारातून म्हणते, "अवो, त्यावर दोरा हाय माझा." तुम्ही म्हणता, "दोरा दुसऱ्याला गुंडाळ. हे रीळ आता नोकरीला लागलं." मग मला हाक. "शास्त्रीबुवा, इकडं या. काचेच्या खाचेतलं नवं रबर तू बसव. खाच कोरडी पूस, सोल्युशन लाव, बोटानं दाबत जा. तासभर काच हलवू नको. घाई नाय."

घाई नाही, हे माझ्यासारख्या माणसाला सांगायची गरज नसते असं तुम्हाला वाटलं असेल. पण मला कौतुक हवं होतं, अप्पा, आणि कौतुकाला फार घाई असते. तुम्ही आखणीला आत गेलात. मूर्तीचे डोळे काढताना तुम्ही कुणाशी बोलत नसायचात, श्वाससुद्धा बेताचा घ्यायचात. मी सोल्युशन लावलं, रबर दाबलं आणि दहा मिनिटांत काच फिरवून पाहिली. नवं रबर घट्ट, काच जागची हलेना. मग मला बुद्धी सुचली. स्वयंपाकघरातून खोबरेलाची बाटली आणली आणि खाचेत, रबरावर, अगदी रबराच्या पाठीमागेसुद्धा तेल सोडलं. काच लोण्यातून सुरी जावी तशी चढली. तुम्ही बाहेर आलात, हँडल फिरवलंत, पुन्हा फिरवलंत. "वा, शास्त्रीबुवा! हाताला बरीच समज हाय की तुमच्या." तोवर माझ्या हाताबद्दल तुम्ही कधी चांगलं बोलला नव्हतात. तेलाचं सांगायचं ओठांवर आलं होतं, पण ती समज आणखी थोडा वेळ माझ्याकडे राहावी असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रोह्याच्या एका म्हाताऱ्या बाईंची मूर्ती पोचवायची होती. तुम्ही गाडी चालवत होतात, आई शेजारी, मांडीवर मूर्ती आणि मूर्तीच्या तोंडावर रुमाल, मी मागे. नागोठण्यापुढे भिसेखिंडीत डावीकडून सर आली. आईचे दोन्ही हात अडकलेले, म्हणून मी मागून वाकून हँडल फिरवायला लागलो. तेलानं सोल्युशनला धरू दिलंच नव्हतं. काचेबरोबर रबरही वर चढलं, कोपऱ्यात गोळा झालं, काच अडली. मी जोर लावला. आत काहीतरी कट्‌ झालं आणि काच दारात कोसळली. आई मूर्तीवर पालथी झाली, पाठीवर पाऊस घेत राहिली. तुम्ही गाडी थांबवून तिच्या खिडकीला ताडपत्री लावलीत, पण तोवर रुमालातून पाणी गेलं होतं. मूर्तीचा एक डोळा गालावर ओघळला होता.

तुम्ही दाराच्या फटीतून बॅटरी मारून पाहिलंत. रीळ दांड्यावरून निसटून तळाशी पडलं होतं. "लाकूड ते लाकूड," तुम्ही म्हणालात. "माझीच चूक. रिळावर काम भागवायला गेलो." मी लोंबणारं रबर गुंडाळून खिशात घातलं, एवढंच केलं.

रोह्याला त्या बाईंच्या ओटीवर तुम्ही हात जोडून उभे राहिलात. "बाय, माझ्या हातून झालं. बसून नीट करतो." कारखान्याबाहेर तुम्ही डोळे कधी काढले नव्हते. त्या दिवशी ओटीवर, ओल्या सदऱ्यानं, रंगाच्या दोन वाट्या घेऊन बसलात. हात थरथरला, थंडीनं असेल. उजवा डोळा डाव्यापेक्षा किंचित वर गेला. बाईंनी मूर्ती वळवून पाहिली आणि म्हणाल्या, "ऱ्हाव दे. यंदा माझ्याकडं जरा जास्त लक्ष हाय त्याचं." सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत.

पुढच्या वर्षी गाडी विकलीत आणि आखणीचा कुंचला कारखान्यातल्या एका कारागिराच्या हाती दिलात. "तू काढ. माझ्या हातचं आता काय खरं नाय." लोक म्हणाले, वय झालं. मीही तेच म्हणायला शिकलो. फार सोयीचं वाक्य आहे ते. चार वर्षांनी तुम्ही गेलात. तोवर सुट्ट्यांत मी घरी येत होतो, तुमच्यासमोर जेवत होतो, शब्दांच्या व्युत्पत्ती सांगून तुम्हाला हसवत होतो. 'अप्पा, रीळ चांगलं होतं' एवढी चार शब्दांची गोष्ट मात्र सांगितली नाही. आज सांगतो. रीळ चांगलं होतं. मी जोर लावला नसता तर ते तिथं वर्षभर टिकलं असतं. तुमचा हात चुकला नव्हता.

रविवारी नवी मशीन बसवली. आवरण लावायच्या आधी बटण दाबून पाहिलं. एवढी अक्कल आता आलीय. रबराची खाच साबणाच्या पाण्यानं धुतली, फडक्यानं पुसली, उन्हाची वाट पाहिली, ते आलं नाही म्हणून तुमच्या सुनेचं केस वाळवायचं यंत्र वापरलं. नवं रबर कोपऱ्यापासून बोटानं दाबत गेलो, सोल्युशन नाही, तेल नाही. रबराला चालतो असा एक फवारा मिळतो, तो बेतानं मारला. सगळा दिवस गेला. काच वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. फिटर कुंपणावरून म्हणाला, "सर, नोकरी सोडा आता," आणि दोन क्लिपा उरल्यात त्या कुठल्या, हे विचारलं. मी विषय बदलला.

आज सकाळी पेणला निघायचं म्हणून आई काठी टेकत आली. काचेवरून हात फिरवला.

"रबर कोणी बसवलं रं?"

"मी."

"खोबरेल नाय ना लावलंस?"

एवढं म्हणून ती पुढच्या सीटवर बसली आणि मांडीवर टॉवेलाची घडी पसरली, मूर्तीसाठी. माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणजे इतकी वर्षं तिला ठाऊक होतं. मग तिनं तुम्हाला सांगितलं होतं का, अप्पा? सगळं जाणूनच तुम्ही ते स्वतःवर घेतलं होतं का? पेणपर्यंत तास-दीड तासाचा रस्ता होता, ती शेजारीच होती, प्रश्न एका ओळीचा होता. येताना मूर्ती कोरडी आली, काच घट्ट मिटलेली होती, गाडीत इतकी शांतता होती की कुजबुजूनही विचारता आलं असतं. पण ती 'नाय, त्यांना कधी कळलंच नाय' म्हणाली असती तर? म्हणून मी विचारलं नाही, आणि आता रात्रीचं जेवण झाल्यावर, ती पलीकडच्या खोलीत जागी असताना, तुम्हाला लिहीत बसलोय.