घासलेला नंबर

चिंचवड,
८ सप्टेंबर २०२५

चि. सुचित्रा हिस,
अनेक आशीर्वाद वि. वि. हात सवयीने ‘सौ.’ लिहून गेला होता, तो खोडला आहे. मनाला लावून घेऊ नकोस.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. काल बागेत तुमच्या तिकडच्या निशिकांतचे वडील भेटले. आपल्या श्रीनिवासची ती जुनी अमेरिकन गाडी तू निशिकांतला विकणार होतीस आणि त्याने ऐन वेळी नकार दिला, असं म्हणाले. इंजिनाचा नंबर घासून काढलेला निघाला म्हणे. भलतंच इंजिन बसवून ते अस्सल म्हणून खपवायचा श्रीनिवासचा बेत होता, असं तुमच्या मराठी मंडळात बोललं जातंय. मी बहिरा, तेव्हा हे सगळं त्यांनी ओरडून सांगितलं. आमचा अख्खा कट्टा ऐकत होता.

सगळी नोकरी मी कारखान्यात ग्राइंडिंग मशीनवर काढली, पण तिथला साधा स्क्रू कधी घरी आणला नाही. त्या घरातल्या मुलावर हा आळ यावा, तोही तो जाऊन वर्ष व्हायच्या आत? खरं काय ते कळव. चि. इराला गोड पापा.

तुझे,
बाबा

*

बुकित बातोक,
१७ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि. तुमचं पत्र मिळालं. गोळ्या वेळेवर घेता ना? नसाल घेत, तर इराला सांगेन. तिचं रागावणं इंग्रजीत असतं, पण लागतं मराठीतच.

गाडीचं म्हणाल, तर मला ती चालवता येत नाही, खाली कारपार्कमध्ये उभी राहून गंजतेय. म्हणून विकायला काढली. निशिकांत मेकॅनिकला घेऊन इथल्याच ईस्ट कोस्ट भागातून आले होते. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचंच इंजिन आत असेल, तर अशा गाडीला मान असतो. त्यामुळे घेण्याआधी गाडीच्या पाटीवरचा नंबर आणि इंजिनावर ठोकलेला नंबर जुळवून बघतात. इंजिन ओतलं तेव्हाची, लोखंडातच उठवलेली तारीख जुळली, पण तिच्यावरून इंजिन त्या काळातलं आहे एवढंच ठरतं. ते ह्याच गाडीचं आहे, हे फक्त नंबर सांगतो. आणि नंबराच्या जागी नुसतं गुळगुळीत लोखंड होतं. मेकॅनिकने त्यावर बोट फिरवलं आणि मान हलवली. निशिकांत जाताना म्हणाले, की वहिनी, तुम्हाला दोष नाही, पण श्रीनिवासने असं करायला नको होतं.

ह्यांनी कुणाला फसवलेलं नाही, हे मी इराची शपथ घेऊन सांगते. यापुढचं मात्र विचारू नका. लोक चार दिवस बोलतील आणि विसरतील. तब्येतीला जपा, लोभ आहेच.

तुमची,
सुचित्रा

*

चिंचवड,
२६ सप्टेंबर २०२५

चि. सुचित्रा हिस,
आशीर्वाद. विचारू नका, हेच तुझं उत्तर, असं मी समजतो.

नंबर आपोआप जात नाही. कुणाला तरी तो हाताने घासावा लागतो, आणि चोराखेरीज कुणाला त्याची गरज पडत नाही. तू बायको आहेस, पांघरूण घालणारच. तो माझा मुलगा, म्हणून मीही घातलं असतं, पण पाचामुखी परमेश्वर म्हणतात. कट्ट्यावर जाणं मी सोडलं आहे.

वर्षश्राद्धाला मला धरू नका. तो गेल्याचं दुःख सोसलं, हे सोसवत नाही. जास्त काय लिहू?

बाबा

*

बुकित बातोक,
६ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार. हे तुम्हाला कधी सांगायचं नाही, असा शब्द मी ह्यांना दिला होता. पण बापच मुलाला चोर समजू लागल्यावर तो शब्द पाळून मी कुणाचं भलं करणार?

तुम्ही आमच्याकडे होतात, त्या वर्षीची खंडेनवमी आठवा. हे आंग मो किओला ऑफिसात होते. पूजेसाठी गाडी लखलखीत हवी, म्हणून तुम्ही बॉनेट उघडून दिवसभर झटलात. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तेव्हा व्हायचं होतं. इंजिनाच्या पुढच्या अंगाला रंगाची नि तेलाची पुटं चढलेली सपाट जागा होती. कुंकवाचं स्वस्तिक काढायला तीच बरी, म्हणून तुम्ही ह्यांच्या ड्रिलला चकती लावून ती आरशासारखी केलीत. नंबर त्या पुटांखाली होता. मला तरी कुठे ठाऊक होतं? मी चहा आणून दिला आणि तुमचं कौतुक केलं.

हे आले, बॉनेटखाली वाकले आणि पांढरेफटक पडले. मग त्यांनी हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि तुमच्या पाया पडले. तुम्ही आंघोळीला गेल्यावर मला म्हणाले, की हे इंजिन ह्याच गाडीचं, हे आता कुणालाही पटवता येणार नाही. पण बाबांना यातलं अक्षर कळता कामा नये. मला गाडी कुठे विकायची आहे?

निशिकांतना खरं सांगितलं असतं, तर ते त्यांच्या वडिलांकडून तुमच्या कट्ट्यावर पोचलं असतं. म्हणून मी गप्प बसले आणि ह्यांना लबाड ठरू दिलं. तुम्ही जे केलंत, त्याचा मला राग नाही. तुमच्या मागच्या पत्राचा मात्र आला, आणि तो अजून गेलेला नाही. तरी नमस्कार करते, तो मनापासूनच.

तुमची,
सुचित्रा

*

चिंचवड,
२७ ऑक्टोबर २०२५

चि. सुचित्रा हिस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचल्याला बरेच दिवस झाले. दिवाळी आली आणि गेली.

नंबर मीच घासला, हे कट्ट्यावर जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं. कुणी वाद घातला नाही. निशिकांतच्या वडिलांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मान डोलावली. लहान मुलाचं ऐकून घेतात, तसं ऐकलं. निशिकांतलाही लिहिलं. त्याचं उत्तर फार अदबीचं आहे. माझ्या भावना तो समजू शकतो, त्याच्या वडिलांनीही त्याच्यासाठी हेच केलं असतं, असं लिहितो. गाडी तो घेणार नाही. तो लबाड, हे सगळ्यांना, मलाही, खरं वाटायला एक सकाळ पुरली होती, आता कुणाला पटवायला माझ्याकडे काही नाही.

तुझा राग रास्त आहे, तो राहू दे. पण श्रीनिवासचं मात्र चुकलं. त्या दिवशी त्याने माझ्यावर चांगलं ओरडायला हवं होतं. मला वाईट वाटलं असतं, आणि मग जेवून झोपलो असतो.

इराला आशीर्वाद. या म्हाताऱ्यावर माया ठेवता आली, तर ठेव.

तुझे,
बाबा