शिवेचा दगड

गुरुवार, संध्याकाळ

रस्त्याच्या रुंदीकरणाबद्दल गावकऱ्यांशी बोलणं हे माझं काम. आज चाकणजवळच्या एका गावात शिवेवरचा शेंदूर लावलेला दगड हलवण्यावरून बैठक अडली. नकाशात आम्ही तो रस्त्यापलीकडं नेलाय, तिथं जागा मोकळी आहे म्हणून. सरपंचबाई म्हणाल्या, "दसऱ्याला शीव वलांडून सोनं आणतो आमी. दगड पल्याड गेला तर म्हाताऱ्यांनी एवढ्या ट्रकांमधनं जायचं व्हय?" खरंच की. निदान माझ्या तरी डोक्यात यायला हवं होतं. दगड अलीकडंच ठेवायचं ठरलं.

मग चहा पिताना त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या गावची शीव कुठं हाय, भाऊ?"

"मी रहाटणीचा. शीव... काळेवाडीच्या अंगाला."

दादा, म्हणजे माझे वडील, शीव आली की सायकलवरून उतरायचे. कंपनीतून कितीही दमून आलेले असोत. दगडाला हात लावून कपाळाला लावायचे आणि तिथून घरापर्यंत चालत. दसऱ्याला मी पुढं दांडीवर, हातात आपट्याची डहाळी. तो दगड कधी गेला? आमच्याशी कुणी बोलायला आलं होतं का? की आम्हीच काही विचारलं नाही?

येताना काळेवाडी संपल्यावर अंदाजानंच स्कूटरवरून उतरलो. एका बाजूला मोबाइलचं दुकान, दुसरीकडं सोसायटीचं गेट. मागचे हॉर्न वाजवायला लागले. हात कशाला लावायचा तेच कळेना. मग स्कूटर ढकलत घरापर्यंत चालत आलो.