चौदा जुलैला गाव रिकामे आढळल्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख,
ग्राम आरोग्य सेवा विभाग,
जिल्हा कार्यालय.

विषय : तोरू-बेल गावचे आरोग्य ठाणे बंद न करण्याबाबत.

संदर्भ : १) आपले ९ जूनचे पत्र (उत्तर दिले गेले नाही). २) १४ जुलैचा तपासणी अहवाल. ३) ठाणे १ नोव्हेंबरपासून बंद करण्याची नोटीस.

महोदय,

१. पहिल्या पत्राला मी उत्तर दिले नाही, हे आधी कबूल करतो. गावाला आरोग्य ठाणे हवे आहे का, हे ग्राम आरोग्य समितीने तीस दिवसांत कळवावे, न कळवल्यास नको असे धरले जाईल, असे आपण लिहिले होते. मी समितीचा चिटणीस. चौतीस वर्षे गावचे वाचनालय सांभाळले. तरी सगळ्यांच्या वतीने 'हवे' एवढा शब्द लिहिण्याचा अधिकार मला एकट्याला आहे का, याची खात्री होईना. समितीला विचारावे, तर समिती मेंढरांबरोबर वरच्या जाइलोवर, उन्हाळी कुरणात. माझे गुडघे आता घोड्यावर बसू देत नाहीत. मी सात मसुदे लिहिले, आणि मुदत संपली.

२. १४ जुलैला आपले तपासनीस गावाचा 'लोकसहभाग' पाहण्यास आले. शहाऐंशी घरांपैकी पाच उघडी होती. समितीचे सभासद कोठे आहेत, असे त्यांनी विचारले. मी 'वर' म्हणालो. त्यांनी 'सहभाग शून्य' लिहिले. रक्तदाबाचे यंत्र लोकरीत गुंडाळून खोगिराच्या पिशवीतून वर गेले होते. त्यांनी 'यंत्र जागेवर नाही' लिहिले. नर्स तुर्सुनाय माणसांमागोमाग गेल्या होत्या. त्यांनी 'कर्मचारी गैरहजर' लिहिले. त्याच दिवशी वर तुर्सुनाय यांनी एकेचाळीस जणांचा रक्तदाब मोजला, एक बाळंतपण केले, आणि समितीच्या बायका तंबूतंबूतून फिरून दूध उकळूनच प्या म्हणून सांगत होत्या. जुलैत गाव गावात नसते. हे आपल्या तक्त्यात कोणत्या रकान्यात लिहावे, ते मला सापडले नाही.

३. अहवालाखाली माझी सही आहे. ती कशी झाली ते सांगतो. तपासनीस माझ्या घरी दस्तरखानावर, म्हणजे जेवणाच्या पसरलेल्या कापडाशी, बसले होते, त्यांनी भाकरी मोडली होती. ज्याने आपल्या घरची भाकरी मोडली त्याचे म्हणणे घरधन्याने खोडायचे नाही, ही आमची रीत. त्यांनी कागद पुढे केला. मी यजमान म्हणून सही केली, आपल्या कार्यालयाने ती चिटणिसाची मानली. चूक माझीच आहे.

४. सप्टेंबरअखेर मंडळी खाली उतरली तेव्हा मी नोटीस वाचून दाखवली. अध्यक्षा बुरुलचा-अपा (वय ७४) यांचे म्हणणे समितीच्या सूचनेवरून जसेच्या तसे देतो : "मेंढ्यांनी काय मुकाशच्या वाचनालयात चरायचं होतं? आमचं कुत्रंसुद्धा वर होतं. साहेब भलत्या महिन्यात आला, तर सहभाग त्याचा शून्य." नंतर मला म्हणाल्या : "एवढी पुस्तकं वाचलीस रे, आणि एक 'हो' लिहायला बर्फ पडायची वाट बघत बसलास?" तुर्सुनाय म्हणाल्या : "मुकाश-अबा, मी गैरहजर होते, तर ते बाळ कोणी उपजवलं, घोडीनं?" सगळे हसले. मी हसू शकलो नाही.

५. कारण असे. नोव्हेंबरच्या मध्यावर घाट बंद होतो, तो मार्चमध्ये उघडतो. जिल्ह्याचे रुग्णालय घाटाच्या पलीकडे, सत्तर किलोमीटरवर. गावात मिरगुल नावाची मुलगी आहे. डिसेंबरात तिचे दिवस भरतात. गेल्या खेपेस मूल वाचले नाही. या खेपेसही तिचा रक्तदाब चढतो आहे, आणि तुर्सुनाय तिला एक दिवसाआड तपासतात. ठाणे बंद झाले तर तुर्सुनाय यांची बदली होईल, आणि मिरगुलपाशी आम्ही म्हातारे उरू. मिरगुल माझी सून आहे. जूनमध्ये उत्तर लिहायला कचरलो ते यामुळेही. स्वार्थ दिसेल असे वाटले. आता दिसला तरी चालेल.

६. म्हणून विनंती की, नोटीस रद्द करावी, अहवालावरील माझी सही रद्द समजावी, आणि फेरतपासणी आत्ता, घाट उघडा असताना करावी. पुढील तपासणी उन्हाळ्यातच करायची असल्यास, रस्ता संपतो तेथे समिती खोगीर घालून घोडा उभा ठेवील. घोडा गरीब आहे.

गावाला ठाणे हवे आहे.

उशिराबद्दल क्षमस्व,
मुकाश ओतोरबाएव
चिटणीस, ग्राम आरोग्य समिती, तोरू-बेल
२ ऑक्टोबर

सोबत : १) दोनशे बारा सह्या व अंगठे. २) जाइलोवरील तपासणीची वही (दुधाच्या डागांसह).

स्थळप्रतीवरील नोंद : मूळ अर्ज ३ ऑक्टोबरला सकाळी टपालगाडीत दिला. परिच्छेद ५ मधील शेवटची दोन वाक्ये काढावीत असे नंतर वाटले. तोवर गाडी पूल ओलांडून गेली होती. मु. ओ.