पिनहास याजकाबाबत माझी चूक

कोबे, जपान, ४ जानेवारी २०२६

ती. बेंजामिनमामांना सियोनाचा शालोम आणि नमस्कार.

गुडघा कसा आहे? तेल लावता ना? आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की अहरोन याजकाचा नातू पिनहास म्हणजेच आपले संदेष्टे एलियाहू हन्नाबी, असं कुठेही लिहिलेलं नाही. लहानपणी तुम्ही मला चुकीचं शिकवलंत, असंही लिहिलं होतं. त्यातलं 'कुठेही' खोटं होतं. आपल्या तोरा ग्रंथात नाही, एवढंच खरं. (मी तेवढंच पाहिलं होतं.) आणि आई म्हणते, ते पत्र तुम्ही सगळ्यांना वाचून दाखवलंत, "पोरगी शिकलीय, तिचंच बरोबर असणार," म्हणालात आणि एलियाहूंच्या नावाच्या मलिद्याला प्रार्थना म्हणायला बसणंच सोडलंत.

इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी अर्धवेळ पुस्तकं लावते. परवा तिथे एका जुन्या यहुदी लिखाणाचं भाषांतर हाती आलं, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचं. पिनहास कधी वारला हे शास्त्रात सांगितलेलंच नाही. मग या लिहिणाऱ्याने त्याला मरूच दिलं नाही! देव म्हाताऱ्या पिनहासाला डोंगरावर राहायला पाठवतो, गरुडाकरवी जेवण पोचवतो आणि सांगतो, वेळ आली की खाली उतर, तुझ्या शब्दाने आभाळ बंद होईल नि उघडेल. हे तर पाऊस अडवणारे, कधीच न वारलेले आपले एलियाहूच! मी शिडीवरच बसले. एखादं माणूस जाऊ नये असं वाटलं की त्याच्यासाठी डोंगर शोधावा लागतो, हे मला (इतक्या लांब राहून) लगेच समजलं.

त्या भरात घरी मलिदा केला. नारळ बाल्कनीत आपटला, तर खालच्या मजल्यावरच्या मोरीसान भूकंप समजून हेल्मेट घालूनच वर आल्या. पोहे, गूळ, फळं आणि मी मांडलेली रिकामी खुर्ची पाहून म्हणाल्या, "कोण येणार आहे?" म्हटलं, एलियाहू. "कितीच्या गाडीने?" ते माहीत नाही म्हटल्यावर बिचाऱ्या फारच काळजीत पडल्या. (इथे गाडीला उशीर झाला की स्टेशनवर तसा दाखला देतात. एलियाहूंच्या दाखल्यावर काय आकडा घालतील!) दोघी वाट पाहत बसलो. मलिद्याला तुमच्या हातची चव मात्र नव्हती.

यंदा रजा नाही, एलियाहूंच्या उरुसाला तिकडे येणं जमणार नाही.

तुमची,
सियोना

ता. क. शेजारच्याच पुस्तकात लिहिलंय की पिनहास म्हणजेच एलियाहू, हे काही जुन्या पंडितांना पटलं नव्हतं. लपवणं बरं नव्हे.

आणखी ता. क. वरचं रजेचं खोडलेलं समजा. पत्र पाकिटात घालताना राहवेना, रजा मागितली, मिळाली. मामा, मलिद्याला तुम्हीच बसा. मी शेजारी उभी राहून माझी चूक सगळ्यांसमोर वाचणार आहे: उरुसाच्या दिवशी, सोमवार, २ फेब्रुवारी २०२६.