धाकटीचा उंचवटा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, अणुकेंद्रकांच्या सिद्धांताची निवृत्त प्राध्यापिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायला घरात कोणी असावे लागते.

१. राहती दोन खोल्यांची जागा खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना. माझी खिडकी दोन दिवस उघडली नाही, तर जिना चढून येणारी तेवढी एकच व्यक्ती आहे. मोरीचा नळ गळतो, तो दुरुस्त करून घ्यावा.

२. पुस्तके आणि फळा विभागाच्या ग्रंथालयाला. विभागप्रमुखांनी शोकसभा घेऊ नये. निरोपसमारंभात त्यांनी माझे नाव चुकीचे घेतले होते; एकदा झाले तेवढे पुरे.

३. हिरव्या पुठ्ठ्याची वही माझ्या धाकट्या बहिणीला. याचे कारण लिहिणे भाग आहे.

ती प्रयोग करायची, मी गणित. न्यूट्रॉनांचे ओझे न पेलणारी काही केंद्रके क्षणभर टिकतात आणि फुटतात. त्या क्षणभराच्या अवस्था आम्ही दोघी शोधत होतो. तिच्या आलेखात अशा अवस्थेची खूण वाटणारा एक पसरट उंचवटा आला. तो खरा की खोटा, हे माझ्या गणिताने ठरायचे होते. आमच्या पद्धतीत समीकरण एका कोनातून वळवतात. उत्तरांतले बाकीचे बिंदू कोनाबरोबर सरकतात, खऱ्या अवस्थेचा बिंदू जागचा हलत नाही. पण अवस्था फार अल्पायुषी असेल तर कोन बराच वळवावा लागतो, नाहीतर ती दिसतच नाही. मी थोडाच वळवला. त्यापुढे माझे आकडे डळमळत होते आणि ते कबूल करायची लाज वाटली. भर सभेत मी म्हणाले, "हा उंचवटा नाही, यंत्राला आलेली शिंक आहे." सगळे हसले.

ती एवढेच म्हणाली, "ताई, कोन आणखी वळवून बघितलास का?"

"मला शिकवू नकोस."

तिला यंत्रावर पुन्हा वेळ मिळाला नाही. तिने प्रयोगशाळा सोडली आणि माझ्याशी बोलणेही. अकरा वर्षांनी मी नव्याने गणित मांडले, कोन पुरता वळवला. बिंदू तिथेच होता, तिने सांगितलेल्या ऊर्जेवर. वहीच्या शेवटच्या पानावर तो आहे. त्यालाही आता सोळा वर्षे झाली. मी छापले नाही, तिला कळवले नाही. पडले तरी नाक वर, ही माझी जुनी खोड. मला तिची फार आठवण येते.

मसुदा वाचून वकीलबाईंनी चष्मा काढला.

"बहीण हयात आहे ना?"

"आहे. बसने तासाभरावर."

"मग तुम्ही मरेपर्यंत तिने कशाला थांबायचं?"



म्हणून कलम ३ मी स्वहस्ते खोडत आहे. वही घेऊन गुरुवारी मी स्वतः जाईन. तिने दार उघडले नाही, तर कलम ३ पुन्हा लागू समजावे.

सही : थोरली

साक्षीदार :
१. वकीलबाईंचे टंकलेखक
२. कचेरीखालचे घड्याळवाले, दुकान उघडे टाकून आले

स्थळ : वकीलबाईंची कचेरी, दुसरा मजला
दिनांक : अकरा मार्च, मंगळवार. बस गुरुवारी सकाळी आठची आहे.