पाणी निवळू नये

४ फेब्रुवारी
नव्या नोकरीचा पहिला दिवस झकास गेला! प्रयोगशाळेत बारा मीटर लांब काचेची टाकी आहे. पंप तिच्यात गढूळ पाणी खेळवतो. पंप थांबला की गाळ खाली बसतो आणि एक थर तयार होतो. नदीला ज्याला शेकडो वर्षं लागतात, ते आम्ही दुपारभरात उरकतो. पंप सांभाळणारे मिस्त्री मितभाषी आहेत, पण चहा फक्कड करतात. घरी बाबा म्हणाले, चिखलात खेळते म्हणून लहानपणी तुला घातलेले धपाटे वायाच गेले.

११ फेब्रुवारी
सहा थर झाले. मोजून वहीत उतरवले. बाबांचे पाय जड झालेत. नव्या घराचे जिने बाधले असावेत.

१४ फेब्रुवारी
काल सुटी, पंप बंद, टाकीत नवा गाळही सोडला नव्हता. तरी सातवा थर बसलाय. काळाकुट्ट. असला गाळ आम्ही आणलेलाच नाही. मिस्त्रींनी नजर चुकवली.

१५ फेब्रुवारी
बाबांना उभं राहवेना. एक्स-रेत दोन्ही पोटऱ्यांमध्ये आडवे पट्टे दिसले, सात. मी फिल्मवर मोजपट्टी लावली. तीन मिलिमीटर, पाच, दोन... वहीतलीच मापं. डॉक्टर म्हणाले, फिल्म खराब असेल.

१६ फेब्रुवारी
मिस्त्रींना खोदून विचारलं. माझ्या आधीच्या संशोधकाची बायको अशीच गेली, असं त्यांनी मान खाली घालून सांगितलं. "पाणी हलतं ठेवा, बाई. हलतंय तोवर गाळ बसत नाही."
मी ऐकलं नाही. टाकीच रिकामी करायला घेतली. थर उघडे पडले, तोच शेजारीणबाईंचा फोन आला. बाबांचे पाय दगडासारखे कडक झालेत. धावत पाणी परत भरलं.

१७ फेब्रुवारी
पंप सतत चालू. बाबा दोन घास जेवले. पंप तापलाय.

१८ फेब्रुवारी
पंप जळाला. मिस्त्री दुसरा आणायला गेलेत. बाबांना इथेच आणून टाकीशेजारी निजवलंय. मी पाण्यात उतरून फळीने ढवळतेय.

दुपार
मिस्त्रींचा पत्ता नाही. हात भरून आलेत. जरा थांबले की बाबांचा श्वास अडकतो—

बाबा म्हणाले, "दमलीस पोरी. बस जरा." नाही बसणार.

एका हाताने लिहितेय. पुढे येईल त्याला कळावं म्हणून— दुसरा हात आता उचलवत नाही. पाणी निवळतंय. काचेपलीकडचे बाबा स्पष्ट दिसायला लागलेत. त्यांची छाती—