बंधाऱ्यावरची हिरवळ

३ मार्च
दव नाही ते! बोट लावून पाहिलं. चिखलाच्या बंधाऱ्याच्या पायथ्याशी चटईएवढा हिरवागार तुकडा, बाकी उतार रखरखीत. आत खाणीचा सगळा विषारी गाळ कोंडलेला — आणि भिंत पाझरतेय! साहेबांना सांगितलं. म्हणाले, "पर्यावरण विभागात बसता आणि गवताला घाबरता?" सगळे हसले. मीही हसले, मूर्खासारखी. बंधाऱ्याच्या खालीच ताईचं घर आहे.

५ मार्च
पुन्हा बोट लावून पाहिलं. तुकडा अजून ओलाच.

८ मार्च
परदेशी तपासनीस येणार. खाण निसर्ग जपते असा शिक्का मिळाला, तरच तिकडचे लोक आमचं तांबं घेणार. आता साहेबांनाही तो तुकडा खुपायला लागला. मग काय, पाझर बुजवायचा? छे! अख्ख्या उतारावर हिरवळ अंथरली, म्हणजे तुकडा वेगळा दिसायला नको. वर दिवसभर फवारे! आजार रेड्याला, औषध पखालीला. आता सगळाच उतार ओला. पाझर कुठला नि फवारा कुठला, मलाही कळत नाही. त्याचीच जास्त भीती वाटते.

११ मार्च
तपासनीस बाई वाकून गवतावर हात फिरवत होत्या, कौतुकानं. बोलायचं होतं. साहेब शेजारीच उभे. मी नुसती मान डोलावली.
तिथून ताईकडे गेले. म्हटलं, थोडे दिवस माझ्याकडे राहायला चला. ताई म्हणाली, "तू लहानपणी पालीलासुद्धा घाबरायचीस." भावजी म्हणाले, "भिंत पडेल तेव्हा पडेल, त्याआधी तूच चक्कर येऊन पडशील!" चहा न घेताच निघाले.

१४ मार्च
ताईचा फोन. काय खुशीत होती! "अगं, परसातली कोरडी विहीर आपोआप भरतेय! पाणी जरा राखाडी आहे, पण बसेल गाळ."
पाणी भिंतीखालून निघालंय! साहेबांकडे धावले. "शिक्का हातात येईपर्यंत तोंड बंद." धोक्याचा भोंगा त्यांच्याच हुकमानं वाजतो.

१५ मार्च
भोंगा मी वाजवला. नोकरी गेली. सगळी वस्ती टेकडीवरच्या शाळेत येऊन बसलीय, मला शिव्या घालतेय. ताई पाठ फिरवून बसलीय. भिंत अजून उभीच आहे. लोक घरी परतायच्या गोष्टी करताहेत. आणि मी — मी खिडकीशी उभी राहून देवाकडे मागतेय, आत्ताच पडू दे!